वाडीवरच्या मुलांना अंगणवाडी मागण्याचा कायदेशीर हक्क आहे का?

माळवाडीकर (प्रश्न)

नमस्कार. मी अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात एका लहान ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. आमच्या गावाला तीन वाड्या असून अंगणवाडी केवळ गावठाणात आहे. माझी वाडी तिथून अडीच किलोमीटरवर, ओढ्याच्या पलीकडे आहे. वाडीची लोकवस्ती सुमारे ३४० असून बचत गटाच्या महिलांनी दिवाळीपूर्वी घरोघर फिरून केलेल्या यादीत सहा वर्षांखालील ४३ मुले भरली. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असते तेव्हा त्यांतले एकही मूल अंगणवाडीत जात नाही. इतर दिवसांत ज्यांच्या घरी पोहोचवायला आजी किंवा मोठे भावंड आहे, अशी पाच-सहा मुले जातात. सर्वांत लहान मुलांसाठी घरपोच आहाराची पाकिटे महिन्यातून एकदा कोणीतरी आणून देते, परंतु तीन ते सहा वर्षांच्या मुलांना जो गरम ताजा आहार आणि जे पूर्वशालेय शिक्षण मिळायला हवे, ते वाडीतल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला येतच नाही.

वाडीसाठी स्वतंत्र अंगणवाडी मिळावी म्हणून आम्ही दोनदा अर्ज केला. पहिल्या वेळी तोंडी उत्तर मिळाले की अंगणवाडी ही योजना आहे, तो कोणाचा हक्क नाही, वरून मंजुरी आली तर होईल. दुसऱ्या अर्जानंतर डिसेंबरात पाहणीला माणूस आला. त्या वेळी काही कुटुंबे नारायणगावकडे मजुरीला गेलेली होती आणि नऊ मुले आईवडिलांबरोबर तिकडेच होती. प्रत्यक्ष मोजणीत ३४ मुले भरली, आणि ४० मुले नसल्यामुळे प्रस्ताव पुढे पाठवता येणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्हाला ठराव घ्यायचा आहे. सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलासाठी शिक्षण हक्क कायदा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. सहा वर्षांखालील मुलासाठी कोणता कायदा आहे, ही ४० ची अट नेमकी कुठून आली आणि ठरावात कशाचा आधार घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

विधी-अभ्यासक

माळवाडीकर दादा, आपल्याला मिळालेले पहिले उत्तर अर्धे खरे आहे आणि दुसरे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे. थोडे मागे जाऊन सांगतो, कारण ठरावाचे शब्द ठरवताना हा इतिहास उपयोगी पडेल.

राज्यघटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये, घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत वयाची १४ वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे म्हटले होते. तिथे खालची वयोमर्यादा नव्हती, म्हणजे तीन वर्षांचे मूलही त्या वाक्यात बसत होते. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हाही खालची सीमा घातली नाही. ती सीमा आली २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने. त्या दुरुस्तीने अनुच्छेद २१-क घालून ६ ते १४ या वयोगटाला मूलभूत हक्क दिला आणि अनुच्छेद ४५ बदलून सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हे केवळ मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ठेवले. शिक्षणाचा हक्क देणारी दुरुस्ती म्हणून तिचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच दुरुस्तीने देशातील सर्वांत लहान मुलांना हक्काच्या उंबरठ्याबाहेर ठेवले, याची चर्चा आपल्याकडे फार कमी झाली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी कलम ११ आहे. तीन वर्षांवरील बालकांना प्राथमिक शिक्षणासाठी तयार करण्याकरिता आणि सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्यांचे संगोपन व शिक्षण होण्याकरिता, समुचित शासन (म्हणजे संबंधित केंद्र किंवा राज्य सरकार) मोफत शालापूर्व शिक्षणाची आवश्यक ती व्यवस्था 'करू शकेल', असा त्याचा आशय आहे. कायद्याच्या मराठीत 'करील' आणि 'करू शकेल' यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. 'करील' असते तर आपल्या वाडीतल्या प्रत्येक आईला न्यायालयाचा दरवाजा ठोठावता आला असता. 'करू शकेल' असल्यामुळे शासनाने केले तर चांगले आणि न केले तरी कायदाभंग नाही. याच कायद्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे. ज्याचे पाय अधिक लहान आहेत, त्याच्यासाठी मात्र कोणतेही अंतर कायद्याने ठरवलेले नाही.

हा दोष कोणाच्या ध्यानात आला नाही असे नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले न्या. अजित प्रकाश शहा विधी आयोगाचे अध्यक्ष असताना, ऑगस्ट २०१५ मध्ये आयोगाने आपला २५९ वा अहवाल याच विषयावर सादर केला. कलम ११ बंधनकारक करावे, बालकाच्या संगोपनाचा आणि संरक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणात नव्या अनुच्छेदाने घालावा आणि या कामासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद स्थापन करावी, अशा शिफारशी त्यात आहेत. कलम ११ मधील ते क्रियापद अद्याप बदललेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून २०३० पर्यंत सर्व बालकांपर्यंत पूर्वप्राथमिक शिक्षण पोहोचवण्याचे उद्दिष्ट ठेवले. मात्र धोरणाच्या आधारे न्यायालयात हक्क सांगता येत नाही.

आता आपल्या उपयोगाचे. सहा वर्षांखालील मुलाला कायद्याने स्पष्ट हक्क दिला आहे तो आहाराचा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम ५ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला स्थानिक अंगणवाडीमार्फत वयानुरूप आहार मोफत मिळण्याचा हक्क आहे. कायद्याच्या मूळ अनुसूचीत त्याचे प्रमाणही दिले होते, ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने. हक्काचा आहार मिळाला नाही तर कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता देय होतो, कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. म्हणून 'योजना आहे, हक्क नाही' हे उत्तर आहाराच्या बाबतीत सरळ चुकीचे आहे. कायद्याने मुलाच्या ताटाची हमी घेतली आहे, पाटीची घेतलेली नाही.

४० ची अट कुठून आली, हाही आपला प्रश्न होता. अन्नाच्या हक्कासाठी २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या याचिकेत १३ डिसेंबर २००६ रोजी न्यायालयाने आदेश दिला. देशात किमान १४ लाख अंगणवाड्या सुरू कराव्यात आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले असूनही अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती द्यावी, असे त्यात सांगितले होते. म्हणजे ४० हा आकडा वस्तीला मागणीचा हक्क मिळावा म्हणून आलेला आहे. ४० पेक्षा कमी मुले असतील तर अंगणवाडी देऊच नये, असे तो आदेश कुठेही म्हणत नाही. हे स्पष्ट शब्दांत ठरावात लिहावे. मात्र २०१३ चा कायदा आल्यानंतर ती मूळ याचिका निकाली निघाली असल्यामुळे केवळ त्या आदेशावर विसंबू नये. मुख्य आधार कलम ५ चा घ्यावा आणि आदेशाचा उल्लेख त्याच्या जोडीला करावा.

निवृत्त मुख्यसेविका

विधी-अभ्यासक सरांनी कायद्याची बाजू मांडली आहे. मी पालघर जिल्ह्यातील आदिवासी प्रकल्पात (अनेक अंगणवाड्या ज्या एका कार्यालयाखाली येतात, त्याला प्रकल्प म्हणतात) अंगणवाड्यांवर देखरेख करण्याचे काम २७ वर्षे केले आहे, म्हणून प्रस्ताव कुठे अडतो हे सांगते.

दादा, प्रथम मोजणीचे बघा. कामासाठी काही महिने बाहेर गेलेले कुटुंब त्या गावचेच असते. अंगणवाडीच्या कुटुंब सर्वेक्षण नोंदवहीत त्या कुटुंबाचे नाव असायला हवे आणि मूल तात्पुरते स्थलांतरित असल्याचा शेरा असायला हवा. आमच्याकडे दिवाळी झाली की पाड्यांवरची कुटुंबे भिवंडी आणि वसईच्या वीटभट्ट्यांवर जात आणि पाऊस पडायच्या आधी परत येत. जानेवारीत पाड्यावर उभे राहून डोकी मोजली असती, तर आमच्या निम्म्या अंगणवाड्या बंद कराव्या लागल्या असत्या. आपल्या बचत गटाची यादी दिवाळीपूर्वीची आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. प्रत्येक मुलापुढे जन्मतारीख, आईचे नाव आणि माता-बाल संरक्षण कार्डाचा क्रमांक लिहून घ्या. आशाताईंच्या नोंदी आणि लसीकरणाची यादी यांच्याशी ती ताडून पाहा. तिन्ही याद्यांत तेच मूल दिसले, तर ते नाकारणे कोणालाही जड जाईल.

दुसरे लोकसंख्येचे. सर्वसाधारण ग्रामीण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी असा निकष आहे, परंतु आदिवासी आणि डोंगराळ भागासाठी तो ३०० ते ८०० असा शिथिल केलेला आहे. आपली वाडी ३४० लोकवस्तीची आणि डोंगराळ भागातली आहे. आपला प्रकल्प कोणत्या वर्गात मोडतो, हे प्रथम लेखी विचारून घ्या. त्या वर्गात वाडी बसत असेल, तर ३४ की ४३ हा वाद उरतच नाही, कारण निकष लोकसंख्येने पूर्ण होतो. माझ्या अनुभवाने असे प्रस्ताव अडतात ते बहुधा कोणता निकष लावायचा हेच पाहणीला आलेल्या माणसाला सांगितलेले नसते म्हणून. त्यात दरवेळी दुष्टपणा असतो असे मी म्हणणार नाही, पण मुलाचे वर्ष वाया जाते ते जातेच. तीन वर्षांच्या मुलाचे एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा आहे.

आता थोडे मनातले लिहिते. 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाई मोडकांचा आहे. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या आणि पुढे १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज महाराष्ट्रातच सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. म्हणून अडीच किलोमीटर चालून या असे वाडीवरच्या मुलाला सांगितले जाते, तेव्हा मला वाईट वाटते. मूल येत नसेल तर आपण जायचे, या एकाच विचारातून हा शब्द जन्मला होता.

आणि सेविकेबद्दलही लिहिले पाहिजे, कारण कायदा कितीही चांगला केला तरी तो तिच्याच हातून मुलापर्यंत पोहोचतो. माझ्या बीटमधली, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांतली, एक सेविका चिंचोके, करवंटीचे तुकडे आणि भेंडीच्या ठशांवर तीस मुलांचा वर्ग चालवत असे. मूल चिंचोके पाच-पाचच्या ढिगात लावायचे आणि शेवटी दोन उरले की तिच्याकडे बघायचे. ती काही बोलायची नाही, थांबायची. ते मूल मग स्वतःच दोन्ही चिंचोके बाजूला ठेवून 'हे उरले' म्हणायचे. त्या थांबण्यात जे शिक्षण आहे, त्याला वेळ लागतो आणि सेविकेचा वेळच आपण काढून घेतला आहे. वजन, उंची, दंडघेर, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस आणि पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपमधल्या नोंदी यांत तिची सकाळ संपते. आता घरपोच आहार देताना आईचा चेहरा मोबाइलने ओळखावा लागतो आणि पाड्यावर रेंज नसली की त्यातच तास जातो. केंद्राने २०१८ पासून सेविकेचे मानधन ४,५०० आणि मदतनिसाचे २,२५० रुपये ठरवले, त्यात राज्ये आपापली भर घालतात. परंतु त्याला आजही मानधन म्हणतात, वेतन म्हणत नाहीत.

याबाबत २५ एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक ग्रामपंचायतीने वाचावा असे मला वाटते. गुजरातमधील दाहोद जिल्ह्यातल्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी सेविका व मदतनीस यांना उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क मान्य केला. अन्न सुरक्षा कायदा आणि शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ यांच्यामुळे अंगणवाडी केंद्रे वैधानिक कर्तव्ये पार पाडतात, असे त्या निकालात म्हटले आहे. सर, कलम ११ मधले 'करू शकेल' दुबळे आहे हे खरे, तरी न्यायालयाने त्याच कलमाचा आधार सेविकांसाठी घेतला, याची नोंद येथे असावी.

ठाण्याची पालक

या चर्चेत एका गोष्टीची भर घालण्याची परवानगी घेते, कारण 'पाटीची हमी' हे शब्द वाचून मला काळजी वाटली. तीन वर्षांच्या मुलासाठी कायदा व्हावा, हे मला मान्य आहे. परंतु ६ ते १४ च्या कायद्यातील मोफत आणि सक्तीचे हे दोन्ही शब्द उचलून तीन वर्षांच्या मुलाला लावले गेले, तर शहरांमध्ये जे घडते आहे त्यालाच कायद्याचे संरक्षण मिळेल, अशी मला भीती वाटते.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना घराजवळच्या एका खासगी नर्सरीत जात होता. तिथे त्याला चौकटीच्या वहीत रोज एक पान अक्षर गिरवायला देत. त्याला अजून सदऱ्याचे बटण लावता येत नव्हते आणि पेन्सिल तो मुठीत धरत असे. एके दिवशी त्याच्या तर्जनीच्या पेरावर घट्टा दिसला. मी शिक्षिकांना विचारले तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की वही भरलेली दिसली नाही तर पालक तक्रार करतात. मी त्यांना दोष देऊ शकले नाही, कारण आम्हीही आधी वहीच उघडून पाहत होतो.

महाराष्ट्राने १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक केंद्रांतील प्रवेशाच्या नियमनाचा कायदा केला आणि प्रवेशासाठी चिमुकल्यांच्या मुलाखती आणि चाचण्या घेण्याला मनाई केली. त्या काळात ते धाडसाचे पाऊल होते. परंतु दाराशी परीक्षा घेऊ नये एवढेच त्याने सांगितले. आत गेल्यावर मुलाला किती जागा मिळावी, शिकवणाऱ्या ताईंचे प्रशिक्षण काय असावे आणि तीन वर्षांच्या मुलाकडून काय लिहून घेऊ नये, हे त्या कायद्याने ठरवले नाही. उद्या नवा कायदा झाला तर त्यात सरकारी अंगणवाडी आणि खासगी नर्सरी या दोन्हींना लागू होणारे किमान निकष असावेत, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

विधी-अभ्यासक

ताई, आपले म्हणणे मला पूर्ण पटते आणि 'पाटी' हा शब्द मी सैलपणे वापरला, हे मान्य करतो. मुख्यसेविका ताईंच्या चिंचोक्यांचे वर्णन वाचल्यावर तर तो शब्द मागेच घ्यावा असे वाटते. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर सक्ती कोणावर, हा कळीचा प्रश्न आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ८ मध्ये 'सक्तीचे शिक्षण' याचा अर्थ शासनावरील बंधन असाच दिला आहे. सहा वर्षांखालील मुलांसाठी कायदा करताना शासनाने जवळच्या अंतरावर प्रशिक्षित व्यक्तीसह विनामूल्य केंद्र उपलब्ध करून देणे बंधनकारक असावे. मुलाला पाठवायचे की घरी आजीजवळ ठेवायचे, हा निर्णय पालकांचाच राहावा. परीक्षा आणि लेखी गृहपाठ यांना मनाई त्याच कायद्यात घालता येईल.

खर्चाचा प्रश्नही येथेच नोंदवतो. २०१७ मध्ये केंद्राने पूरक आहाराचा दर बालकामागे रोज ८ रुपये आणि तीव्र कुपोषित बालकासाठी १२ रुपये असा ठरवला आणि महागाई वाढत असताना पुढे कित्येक वर्षे तोच चालू राहिला. बंधनकारक कायद्याबरोबर खर्चाचे दर ठराविक मुदतीने आपोआप सुधारण्याची तरतूद नसेल, तर हक्क कागदावर राहतो आणि वाटीतली खिचडी पातळ होत जाते.

ओंटारियोतून

मी मूळची साताऱ्याची असून अकरा वर्षांपासून कॅनडात राहते. खर्चाच्या मुद्द्यावर येथील अनुभव थोडक्यात सांगते. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०२१ च्या अर्थसंकल्पात बालसंगोपनासाठी पाच वर्षांत सुमारे ३० अब्ज डॉलरची तरतूद जाहीर करून दिवसाला सरासरी १० डॉलर शुल्काचे उद्दिष्ट ठेवले. क्वेबेक प्रांताने अशी योजना १९९७ मध्येच दिवसाला ५ डॉलर शुल्काने सुरू केली होती. पुढच्या सरकारने केंद्राची ही योजना गुंडाळू नये म्हणून १९ मार्च २०२४ रोजी त्याचा कायदा झाला. त्या कायद्याने प्रांतांना आणि आदिवासी समाजांना दीर्घकाळ निधी देत राहण्याची बांधिलकी केंद्रावर टाकली आहे.

परंतु या कायद्यानेही एखाद्या आईला 'माझ्या मुलाला जागा द्या' असे न्यायालयात सांगण्याचा वैयक्तिक हक्क दिलेला नाही. माझ्या मुलीच्या वेळी शुल्क जवळजवळ निम्मे झाले आणि त्याचा आम्हाला मोठा आधार वाटला. जागा मात्र चौदा महिने प्रतीक्षा यादीत राहिल्यावर मिळाली, कारण शिकवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीच पुरेशा नव्हत्या. त्यामुळे सेविकेच्या वेतनाबद्दल मुख्यसेविका ताईंनी जे लिहिले, ते मला येथे बसून तंतोतंत पटते. भारतात अन्नाचा वैयक्तिक हक्क कायद्यात आला आहे, ही गोष्ट मला येथील कायद्याच्याही पुढची वाटते.

निवृत्त मुख्यसेविका

एक मुद्दा राहिला होता, तो आईंचा. माळवाडीकर दादांची नऊ मुले नारायणगावला गेली, कारण त्यांच्या आया तिथे टोमॅटो आणि भाजीच्या शेतात मजुरीला आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. शेतात रोजंदारीने जाणाऱ्या बाईला ना ती रजा आहे, ना ते पाळणाघर. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४ ने गरोदर व स्तनदा मातांना आहार आणि किमान ६,००० रुपयांच्या प्रसूती लाभाचा हक्क दिला, परंतु २०१७ ची मातृवंदना योजना पहिल्या अपत्यापुरती आणि ५,००० रुपयांची केली गेली. नंतर दुसरे अपत्य मुलगी असल्यास लाभ देण्याची सोय झाली. सहा महिन्यांच्या बाळाला झाडाखाली झोळीत ठेवून, चार वर्षांच्या बहिणीला त्याच्याजवळ बसवून आई ओळीने तोडणी करते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या चार वर्षांच्या मुलीची अंगणवाडी तिथेच, त्या शेताच्या बांधावर बुडते.

दादा, ती नऊ मुले जिथे आहेत तिथल्या अंगणवाडीतही त्यांना आहार मिळायला हवा. राज्यात स्थलांतरित लाभार्थ्यांची नोंद ठेवण्याची व्यवस्था आहे. आपल्या गावच्या सेविकेकडून त्यांची नोंद पुढे पाठवून घ्या. त्याने आपली संख्या घटत नाही. उलट मुले वाडीची आहेत, याचा तो लेखी पुरावा होतो.

माळवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलाने उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. काल रात्री ग्रामपंचायतीत बसून आम्ही ठरावाचा मसुदा तयार केला. विधी-अभ्यासक सरांच्या सूचनेप्रमाणे सुरुवात अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम ५ ने केली असून, वाडीतील तीन ते सहा वर्षांच्या बहुतेक बालकांना अंतरामुळे गरम ताजा आहार मिळत नाही, हे पहिल्या परिच्छेदातच लिहिले आहे. दुसऱ्या परिच्छेदात २००६ च्या आदेशाचा उल्लेख आहे. तिसऱ्यात आमचा प्रकल्प कोणत्या वर्गात मोडतो आणि त्याला लोकसंख्येचा कोणता निकष लागू आहे, याचे लेखी उत्तर मागितले आहे. ठरावाची प्रत पोहोचल्यापासून ठरावीक दिवसांत उत्तर आले नाही, तर कलम १५ खाली तक्रार दाखल करण्याचा अधिकार ग्रामसभा सरपंचांना देईल, असेही शेवटी घातले आहे.

जागेचा प्रश्न मी मूळ प्रश्नात लिहिला नव्हता. मारुतीच्या देवळाशेजारी समाजमंदिराची एक खोली आहे, ती इमारत होईपर्यंत वापरायला द्यायची वाडीची तयारी आहे. छत पत्र्याचे असून पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी लागते, त्यातून पत्रे बदलता येतील असे ग्रामसेवकांनी सांगितले आहे.

आज सकाळी आशाताईंच्या लसीकरणाच्या यादीशी आमची यादी ताडून पाहिली. ४३ पैकी ४१ मुले दोन्हीकडे सापडली. एका मुलाची जन्मतारीख चुकली होती, ते सहा वर्षे पूर्ण झालेले निघाले, म्हणून त्याचे नाव आम्ही स्वतःहून काढले. दुसरी मुलगी दोन वर्षांची असून तिची नोंद कोणत्याच वहीत नव्हती. तिची आई उद्या नारायणगावहून येणार आहे. ती आली की जन्मदाखला काढायला मीच तिच्याबरोबर तालुक्याला जाणार आहे.